राक्षसाचा जन्मदाखला

१९७७ साली अमेरिकेत छापलेल्या एका पुस्तकात राक्षसाचं चित्र आहे. डोकं वाघाचं. अंगात जुन्या इंग्रजी सिनेमातले श्रीमंत लोक जेवणानंतर घालतात तसला कोट. हातात पाइप. चेहऱ्यावर असा निवांतपणा, की नुकतंच कुणालातरी खाऊन झालंय आणि आता गप्पांना पाहुणा हवाय. वर नाव आहे ‘राक्षस’. आपलाच शब्द, फक्त रोमन लिपीत.

पुस्तकाचं नाव ‘मॉन्स्टर मॅन्युअल’. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून जो खेळ खेळतात, त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं हे नियमपुस्तक. चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पियर. हा माणूसही मजेशीर होता. १९८८च्या सुमाराला त्याने चित्रांचं जग एकदम सोडलं, आणि बऱ्याच वर्षांनी कळलं की तो इलिनॉय राज्यातल्या कार्बनडेल गावात टॅक्सी चालवतोय. २०१४ साली तो वारला. तोपर्यंत त्याचा वाघतोंड्या राक्षस जगभर पोचला होता. आजही त्या खेळात ‘राक्षस’ म्हटलं की तोच डोळ्यांसमोर येतो, आणि आता पुण्या-मुंबईतल्या कॅफेंमध्ये फासे टाकणाऱ्यांच्याही डोळ्यांसमोर येतो.

या राक्षसाची गेल्या पन्नास वर्षांतली हकीकत सांगायची आहे. तीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: पुस्तकाची नवी आवृत्ती आली की त्याचा जन्मदाखला बदलतो.

आधी खेळाबद्दल थोडं, माहीत नसणाऱ्यांसाठी. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि तलवार लागली की हुकली हे फासे ठरवतात. गोष्ट सांगणाऱ्याला एक आख्खं जग लागतं: देव, राज्यं, जंगलं, त्यांत राहणारे जीव. ते जग नियमपुस्तकांतून मिळतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा पहिला संच १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून निघाला. त्यानंतर मोठे फेरफार झाले ते १९७७ पासून, मग १९८९, २०००, २००८, २०१४ आणि २०२४ साली.

नियम बदलले की एक अडचण होते. कालपर्यंत त्या जगात जे होतं ते आज पुस्तकात नाही. मग गेलं कुठे? कधीकधी प्रकाशक याचं उत्तर वाजतगाजत देतात. १९८९च्या आवृत्तीने मारेकऱ्यांचा खास वर्ग काढून टाकला, तेव्हा ‘फरगॉटन रेल्म्स’ या जगात देवच पृथ्वीवर येऊन पडले आणि त्या धामधुमीत तिथले मारेकरी एका झटक्यात मेले, अशी कथा रचली. २००८ साली जादूचे नियम मुळापासून बदलले, तेव्हा जादूच्या देवीचा खून पाडला, तिच्या मरणाने जगभर उत्पात झाला, आणि घड्याळ साधारण शंभर वर्षं पुढे सरकवलं. थोडक्यात, संपादकांच्या बैठकीत एक ओळ कापली गेली की त्या जगात प्रलय होतो.

बाकीचे बदल गुपचूप होतात. सुरुवातीच्या पुस्तकांत टोल्किनचे हॉबिट होते. टोल्किनच्या कथांचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतल्यावर हॉबिटचे ‘हाफलिंग’ झाले, चालत्याबोलत्या झाडांना ‘ट्रीअंट’ म्हणायला लागले, आणि बॅलरॉगचा पुढे ‘बेलोर’ झाला. इथे प्रलय नाही, खुलासा नाही. हे सगळे जणू पहिल्यापासून तसेच होते. राक्षसाचे बदल या दुसऱ्या जातीचे.

तर तो आला कुठून?

२० डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकन टीव्हीवर ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या मालिकेचा एक भाग लागला. कोलचॅक हा शिकागोतला चुरगळलेल्या सुटातला वार्ताहर. दर आठवड्याला त्याची गाठ कुठल्यातरी भुताशी पडते आणि दर आठवड्याला त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. या भागात ज्यूंच्या वस्तीतली म्हातारी माणसं एकेक करून मारली जातायत, आणि भिंतींवर स्वस्तिकं उमटतायत. वस्ती घाबरलेली आहे. ज्यू म्हाताऱ्यांना स्वस्तिक दिसलं की काय आठवणार, हे सांगायला नको. पण ती स्वस्तिकं नाझींची नाहीत. एक म्हातारा हिंदू माणूस ती काढतोय, राक्षसाला अडवण्यासाठी. त्याने आयुष्य या राक्षसामागे घालवलंय आणि आता त्याचे हात थकलेत.

एका चिन्हाचे दोन अर्थ एकाच भिंतीवर! स्वस्त भयमालिकेच्या एका भागात एवढं बसवणं सोपं नाही, आणि मला तरी तो भाग आजही त्यासाठी बघावासा वाटतो.

या मालिकेतला राक्षस केसाळ जनावरासारखा आहे, पण भक्ष्याला तो तसा दिसत नाही. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास, त्याच्या रूपात तो समोर येतो. कोणी हाक मारतं, तुम्ही जवळ जाता, संपलं. त्याला मारायचा उपाय एकच, क्रॉसबोमधून सोडलेला मंतरलेला बाण. शेवटी कोलचॅकसमोर ऑफिसातली त्याची लाडकी वयस्कर सहकारी एमिली येऊन उभी राहते, आणि त्याला तिच्यावर बाण सोडावा लागतो.

बरोबर एका वर्षाने, १९७५च्या अखेरीस, गायगॅक्सच्या कंपनीच्या ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या छोट्या नियतकालिकात राक्षस पहिल्यांदा खेळात आला. समोरच्याच्या मनातलं वाचून तो आपलासा वाटणारा आकार घेतो. मंतरलेल्या क्रॉसबो बाणाने तो जागच्या जागी मरतो. मालिका आणि नियम शेजारी ठेवून बघितले की उगम वेगळा शोधावा लागत नाही. गायगॅक्सने स्वतःही नंतर ते मोकळेपणाने सांगितलं. १९७७च्या पुस्तकात नोंदीची सुरुवातच अशी आहे की हे दुष्ट आत्मे आधी भारतात माहीत होते आणि आता पसरत चाललेत.

हा त्याचा पहिला जन्मदाखला. जन्मस्थान: भारत. आणलं कुणी: टीव्हीने.

इथे आपल्याला हसू येतं आणि थोडा रागही. वाघाचं डोकं? आपल्या कुठल्या राक्षसाला वाघाचं डोकं आहे? रावणाला दहा डोकी, पण दहाही माणसाचीच. पण जरा थांबा. वाल्मीकी रामायणात सुंदरकांडात हनुमान अशोकवनात पोचतो, तेव्हा सीतेभोवती पहाऱ्याला बसलेल्या राक्षसींचं वर्णन येतं. कुणाचं तोंड रानडुकराचं, कुणाचं हरणाचं, कुणाचं म्हशीचं, बकरीचं, कोल्हीचं. आणि त्याच यादीत शार्दूल, म्हणजे वाघही आहे. ट्रॅम्पियरने सुंदरकांड वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण ‘आपल्यात असलं काही नाही’ हे आपलं वाक्यही पाठ्यपुस्तकातल्या चित्रांवर वाढलेल्या माणसाचं आहे.

विश्वासातलं रूप घेण्याची कल्पना तर थेट आपली. पंचवटीत मारीच सोन्याचं हरीण होऊन आला, मग रावण भिक्षेकरी होऊन आला. नाशिकला गेलेल्या कुणालाही सीतागुंफेबाहेरचा रिक्षावाला ही गोष्ट सांगेल. राक्षस कामरूपी असतात, हवं ते रूप घेतात, हे सूत्र टीव्हीच्या पटकथेतून लेक जिनीव्हाला पोचताना शाबूत राहिलं. हरवलं ते दुसरंच.

आपल्या परंपरेत राक्षस हे एकाच साच्यातले नाहीत. उत्तरकांडात त्यांचा जन्म सांगितलाय तो रक्षणासाठी: ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केलं, ते राखायला जीव निर्माण केले, आणि ज्यांनी ‘आम्ही रक्षण करू’ म्हटलं ते राक्षस झाले. लंकेत पहाटे वेदपठण करणारे ब्रह्मराक्षस हनुमानाच्या कानी पडतात. बिभीषण आहे. भीमाच्या प्रेमात पडलेली हिडिंबा आहे. मनालीला तिचं देऊळ आहे आणि आपल्याकडची हनिमूनची जोडपी तिथे रांग लावून फोटो काढतात. तिचा मुलगा घटोत्कच पांडवांसाठी मरतो, आणि अजिंठ्याजवळच्या बौद्ध लेण्यांना लोक त्याच्या नावाने ओळखतात. त्याआधी ऋग्वेदात मात्र हीच मंडळी रात्री घुबडाच्या, कुत्र्याच्या, गिधाडाच्या रूपात फिरणारी नुसती बाधा आहे. म्हणजे आवृत्त्या आपल्याकडेही निघाल्या. फरक एवढाच, की आपल्याकडे नवी आली म्हणून जुनी दुकानातून काढून घेत नाहीत.

१९७७च्या नोंदीत बिभीषणाला जागा नव्हती, कारण टीव्हीच्या त्या एका तासात त्याला जागा नव्हती.

मग १९८० साली ‘डिइटीज अँड डेमिगॉड्स’ आलं. नावाप्रमाणे देवांचं पुस्तक. ग्रीक, नॉर्स, इजिप्ती देवांबरोबर भारतीय देवांचंही एक प्रकरण. इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू. प्रत्येकाचं चिलखत किती भक्कम, किती घाव सोसतो, याचे आकडे. कल्पना करा, वरुणाला किती वार केले की तो पडेल हे तक्त्यात लिहिलंय. याच पुस्तकाच्या पहिल्या छपाईत लव्हक्राफ्टच्या कथांतला कथुलू आणि मूरकॉकच्या कादंबऱ्यांतला एल्रिक यांचीही प्रकरणं होती. त्यांचे खेळासाठीचे परवाने केऑझियम या दुसऱ्या कंपनीकडे होते. पुढच्या छपायांतून ती दोन्ही प्रकरणं गेली. इंद्राचा परवाना कुणाकडेच नव्हता, त्यामुळे तो राहिला.

हे मला फार बोलकं वाटतं. त्या काळी पुस्तकातून काय काढायचं हे पवित्र काय यावर ठरत नव्हतं, वकील कुणाकडे आहे यावर ठरत होतं.

नंतर वकिलांपेक्षा मोठी भीती आली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत काही पालकांनी आणि चर्चच्या लोकांनी हा खेळ सैतानाची पूजा शिकवतो अशी ओरड सुरू केली. १९८९च्या आवृत्तीपासून कंपनीने डीमन आणि डेव्हिल हे शब्द गाळले. १९९१ साली ते जीव परत आले ते ‘तनारी’ आणि ‘बाटेझू’ अशी बनावट नावं घेऊन. राक्षसाला हात लागला नाही. त्याचं नाव तसंच राहिलं. माझा अंदाज असा, की हा शब्द सैतानाच्याच जातीचा आहे हे ओरडणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नाही. परकेपणाने त्याला वाचवलं. इतकंच नाही, त्या आवृत्तीत राक्षसांना समाज मिळाला, पायऱ्या मिळाल्या. राजा आणि महाराजा असे त्यांचे दर्जे झाले. थोडा दरबार, थोडा हत्ती-अंबारीचा सिनेमा, पण निदान समाज होता.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. तोवर मूळची कंपनी बुडायला येऊन १९९७ साली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली होती. जन्मस्थानात आता भारत नव्हता. २००३च्या सुधारित पुस्तकात, हा राक्षस याच जगाचा रहिवासी आहे, पण त्याचा आत्मा पलीकडचा, असं वर्गीकरण झालं. त्याचा मुक्काम उष्ण दलदलीत दाखवला. हातांबद्दलही एक ओळ आहे: नीट बघितलं तर त्याचे तळवे उलटे असतात. आपल्याकडे उलटे असतात ते हडळीचे पाय. वाटेत कुठेतरी पायांचे हात झाले असावेत, आणि खरं सांगायचं तर हाताचं रूप जास्त अंगावर येतं.

२००३ सालीच मंतरलेला बाणही विरघळला. त्याच्या जागी एक गणिती नियम आला: शस्त्र टोकदार हवं आणि सत्शक्तीने भारलेलं हवं, नाहीतर प्रत्येक घावातले पंधरा गुण वजा. कोलचॅक आणि एमिली दोघंही त्या सूत्रात दडून गेले. आता नव्या खेळाडूला कळायला मार्ग नाही की टोकदारच का.

त्यानंतर २००४ साली कीथ बेकरच्या ‘एबेरॉन’ या जगाने राक्षसाला सगळ्यात मोठं घर दिलं. विझर्ड्सने नव्या जगासाठी स्पर्धा ठेवली होती, सुमारे अकरा हजार प्रस्ताव आले, त्यातून हे निवडलं गेलं. इथे राक्षस सृष्टीइतके जुने, अमर आहेत. एकेकाळी जगावर त्यांच्या स्वामींचं राज्य होतं. पंखवाल्या दिव्य सापांनी स्वतःची आहुती देऊन त्या स्वामींना जमिनीखाली बांधलं. आणि उरलेले राक्षस हजारो वर्षं माणसांत मिसळून त्यांना सोडवायच्या खटपटीत आहेत. भारत इथेही नाही. पण बांधलेली प्राचीन शक्ती, पाताळ, धीराने वाट बघणारे शत्रू हे वाचताना आपल्याला ओळखीचा वास येतो. तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवरून निघालेल्या ‘पाथफाइंडर’ या वेगळ्या खेळाने २०११ साली तर दंदशूक, रक्तवर्ण आणि ताटका अशा जाती केल्या. ताटका म्हणजे आपली त्राटिका. कुणीतरी शब्दकोश उघडला होता.

दरम्यान देवांचं काय झालं? १९९०च्या ‘लेजंड्स अँड लोअर’ या पुस्तकात भारतीय देव होते. २००२च्या ‘डिइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये ग्रीक, नॉर्स आणि इजिप्ती देव राहिले, भारतीय गेले. २०१४च्या मुख्य पुस्तकाच्या परिशिष्टातही केल्ट, ग्रीक, इजिप्ती, नॉर्स एवढेच. ज्यांना आज रोज आरती होते अशा देवांना घावांचे आकडे लावू नयेत, हे शहाणपण मला पटतं. पण परिणाम विचित्र झाला. देव निघून गेले, राक्षस मागे राहिला. ज्यांच्या गोष्टीत तो खलनायक होता ती गोष्टच त्याच्या आजूबाजूने काढून घेतली.

२००८च्या चौथ्या आवृत्तीने त्याला ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारख्या जीवांच्या रकान्यात बसवलं आणि बाण पूर्ण काढून टाकला. आणि मग २००९ साली आलं माझं आवडतं वळण. खेळाडूंसाठी ‘देवा’ नावाचा एक नवा वंश आला: अमर आत्मे, जे माणसाच्या शरीरात पुन्हा पुन्हा जन्म घेतात, मागच्या जन्मांची पुसट आठवण घेऊन. आणि असा देवा पापाच्या वाटेने जाऊन मेला तर पुढच्या जन्मी काय होतो? राक्षस.

बघा, हे कुठल्याही पुराणात असं लिहिलेलं नाही. पण सनकादिकांच्या शापाने जय-विजय दैत्य आणि राक्षस होऊन आले, ही गोष्ट ज्याने लहानपणी ऐकलीय त्याला यात परकं काही वाटणार नाही. राक्षस ही जात न राहता अवस्था झाली; पडता येतं, म्हणजे कदाचित परतही येता येईल. भारताचं नाव न घेता, पन्नास वर्षांत ही एकच आवृत्ती आपल्या समजुतीच्या एवढी जवळ आली.

ती टिकली नाही. चौथी आवृत्ती खेळाडूंना फारशी रुचली नव्हती, आणि २०१४च्या पाचव्या आवृत्तीने तिची बरीच भर बाजूला सारली. आता राक्षसाचं जन्मस्थान ‘नाइन हेल्स’, म्हणजे नऊ मजली पाश्चात्त्य नरक. तिथल्या सैतानांनी देहातून सुटण्याचा विधी शोधला आणि ते पृथ्वीवर आले. मारलं तर तो नरकात पुन्हा तयार होतो आणि सूड घ्यायला परततो. पुनर्जन्म उरला, पण फक्त सुडापुरता.

हा वर्गबदल नुसता कागदावरचा नाही. २०२० साली विझर्ड्सने जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राउ यांसारखे आख्खे वंश जन्मतः दुष्ट दाखवण्याची जुनी पद्धत बदलायची. ऑर्कचं पुढे खरंच बदललं: २०२४च्या पुस्तकात तो खेळाडूंनी निवडायचा वंश आहे, आणि २०२५च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ऑर्कची वेगळी नोंदच नाही. पण हा प्रश्न फक्त लोकांबद्दल, समाजांबद्दल विचारला गेला. राक्षस २०१४ सालीच नरकवासी सैतान झाला होता. सैतान दुष्ट असणारच, त्यात चर्चा कसली? महाराजांचा दरबार असलेला, माणसांच्या रकान्यातला राक्षस असता, तर कुणीतरी विचारलं असतं की यांच्यात एखादी हिडिंबा का नाही. ऑर्कला माणसांत घेतलं जात असताना राक्षस माणसांतून आधीच बाहेर गेला होता.

काही लेखक दुसऱ्या बाजूने दार ढकलतायत. २०२२च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’मध्ये मिमी मंडल या कोलकात्याच्या लेखिकेने बंगालच्या नद्यांवर बेतलेली ‘शंखभूमी’ उभी केली. नावं, खाणं, पूर, गाणी सगळं आतून आलेलं. तिकडे त्याच कंपनीच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात २०१४पासून राक्षसाच्या पत्त्यांवर प्रकार छापलाय ‘कॅट डीमन’. मार्जारकुळातला सैतान! ट्रॅम्पियरचं चित्र आता शब्दाची व्याख्या झालंय.

फेब्रुवारी २०२५मध्ये नवं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ आलं. राक्षस आहे, वाघाचं डोकं आहे, उंची कपडे आहेत, नरक आहे. कमजोरीच्या ओळीत मात्र संपादकांनी जुनं काहीतरी उकरून काढलंय. ‘ब्लेस’ हा मंत्र ज्याच्यावर घातलाय अशा माणसाच्या हातातलं टोकदार शस्त्र त्याला दुप्पट लागतं. बावीस वर्षांनी मंतरलेला बाण परत आला, क्रॉसबोशिवाय. शिकागोतला तो थकलेला हिंदू म्हातारा, ज्याने तो बाण कोलचॅकच्या हाती दिला, तो अर्थातच कुठल्या पुस्तकात नाही. पण या शनिवारी कुठल्यातरी टेबलावर एक खेळाडू फासे टाकण्याआधी मित्राला सांगेल, आधी मंत्र घाल आणि मग भाला मार. आणि हे असंच का, हे त्या टेबलावर कुणालाच माहीत नसेल.